दाढेतली चांदी, पाऱ्याची भीती आणि चुकीच्या माणसाची टेस्ट

गेल्या महिन्याभरात इनबॉक्समध्ये, व्हॉट्सॲपवर, अगदी चाकणच्या तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना शेजारच्या दुचाकीवरूनसुद्धा मला एकच प्रश्न विचारला गेलाय. "साहेब, दाढेत चांदी भरलेली आहे. त्यात पारा असतो म्हणे. टेस्ट करून घेऊ का? आणि काढून टाकू का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पण सध्या त्याचं उत्तर देणारे लोक बहुतेक करून काहीतरी विकणारे आहेत. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा.

उत्तर आधीच सांगून टाकतो. तुमच्यापैकी बहुतेकांना टेस्टची गरज नाही, आणि चांगली बसलेली चांदी घाईने उकरून काढायची तर अजिबात नाही. पण आपल्या याच पट्ट्यात काही माणसं अशी आहेत ज्यांची पाऱ्याची तपासणी दरवर्षी व्हायला पाहिजे, आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ज्याला गरज नाही त्याच्या खिशातून पैसे काढून टेस्ट, आणि ज्याला गरज आहे त्याला टेस्ट असते हेच माहीत नाही. माझा राग या उलट्या कारभारावर आहे.

चांदी म्हणजे नक्की काय?

आपण जिला चांदी म्हणतो तिला दातांचे डॉक्टर अमाल्गम म्हणतात. वजनाने जवळपास निम्मा पारा, आणि उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील, तांबं, कधी थोडं जस्त. पारा या धातूंच्या भुकटीत मिसळला की आधी लोण्यासारखा मऊ गोळा होतो आणि मग तोंडातच घट्ट होतो. दीडशे वर्षांहून जास्त काळ जगभर हे वापरलं गेलं, कारण स्वस्त आहे, दणकट आहे, दाढ नीट कोरडी झाली नाही तरी बसतं. एमआयडीसीत नव्वदच्या दशकात कामाला लागलेल्या पिढीच्या तोंडात डोकावलंत तर दोन-तीन काळ्या दाढा सहज दिसतील. दातांच्या रंगाचं मटेरियल आलं ते नंतर, आणि ते महागही पडायचं.

आता त्यातला पारा बाहेर येतो का? येतो. हे नाकारणारे डॉक्टरही चूक करतात. चावताना, रात्री दात खाताना, च्युइंगम चघळताना अगदी थोडी पाऱ्याची वाफ सुटते. ती श्वासातून फुप्फुसात जाते, तिथून रक्तात, आणि पुढे मूत्रपिंडात साठून लघवीवाटे बाहेर पडते. किती? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेला अंदाज असा, की तोंडात सात ते दहा चांद्या असलेल्या माणसाच्या अंगात दिवसाला साधारण १ ते ५ मायक्रोग्रॅम पारा जातो. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

एवढ्याने काही होतं का, हे तपासायला दोन मोठे अभ्यास झाले. एक अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात, एक पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये. दोन्हींत पाचशेहून जास्त मुलं. निम्म्यांना चांदी भरली, निम्म्यांना दुसरं मटेरियल, आणि पुढे काही वर्षं त्यांची स्मरणशक्ती, एकाग्रता, बुद्ध्यांक, मूत्रपिंड तपासत राहिले. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. चांदीवाल्या मुलांच्या लघवीत पारा किंचित जास्त होता, पण मेंदूच्या चाचण्यांत फरक दिसला नाही.

म्हणजे सगळं आलबेल? तसंही नाही. याच अमेरिकेच्या प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सांगितलं, की गरोदर बायका, गरोदरपणाचा विचार करणाऱ्या, अंगावर पाजणाऱ्या आया, सहा वर्षांखालची मुलं, मूत्रपिंडाचा किंवा मज्जासंस्थेचा आजार असलेले लोक आणि पाऱ्याची ॲलर्जी असणारे, यांना शक्यतो नवी चांदी भरू नये. पण त्याच पत्रकात हेही होतं, की जुनी चांदी शाबूत असेल तर निव्वळ भीतीपोटी काढू नका. कारण काढताना ड्रिलच्या घर्षणाने जी वाफ उठते, ती तोंडात गप बसलेल्या चांदीपेक्षा त्या वेळी जास्त असते. शिवाय दाढेचा चांगला भागही कोरला जातो.

ही दोन वाक्यं एकत्र वाचायची असतात. पण आपल्याकडे पहिलं वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं आणि दुसरं कापलं जातं.

पारा एक नाही, तीन आहेत

भीती विकणाऱ्यांची सगळ्यात आवडती ट्रिक म्हणजे जपानमधल्या मिनामाता गावचे फोटो. वाकडे झालेले हात, थरथरणारी मुलं. ते फोटो खरे आहेत. चिस्सो नावाच्या कंपनीने समुद्राच्या खाडीत सोडलेल्या सांडपाण्यामुळे तिथे माणसं मेली, पिढ्या बरबाद झाल्या. १ मे १९५६ ला या रोगाची पहिली अधिकृत नोंद झाली. पण तो पारा होता मिथाइल मर्क्युरी, जो माशांत साठतो आणि मासे खाणाऱ्यात उतरतो. दाढेतून सुटते ती धातूच्या पाऱ्याची वाफ. आणि तिसरा प्रकार म्हणजे पाऱ्याचे क्षार, जे काही गोरं करणाऱ्या क्रीममध्ये सापडतात. तिन्ही विषारीच. पण तिघांचा शरीरातला रस्ता वेगळा, आणि म्हणूनच टेस्टही वेगळी.

हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी फसवणूक तिथेच संपते. बघा.

केसांची टेस्ट मुख्यतः माशांमधला पारा दाखवते. चांदीचा पारा केसांत शोधणं म्हणजे पिंपरीच्या पाण्याचं बिल चाकणच्या मीटरवरून काढणं.

रक्ताची टेस्ट अलीकडच्या काही दिवसांतला पारा दाखवते आणि त्यातही माशांचा वाटा मोठा असतो. आदल्या दोन दिवसांत मोरी किंवा मोठी सुरमई हाणली असेल तर आकडा वर दिसू शकतो. त्यात दाढेचा दोष नाही.

लघवीची टेस्ट मात्र वाफेच्या आणि क्षारांच्या पाऱ्यासाठी योग्य. चोवीस तासांची लघवी जमा करून, किंवा सकाळची पहिली घेऊन. आणि अहवालात नुसता पारा नको, क्रिएटिनिनच्या प्रमाणात पारा हवा. कारण पाणी कमी प्यायलेल्या माणसाची लघवी दाट असते आणि आकडा उगाच फुगतो. उन्हाळ्यात शॉपफ्लोअरवर आठ तास उभं राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पाऱ्याशी कामाचा संबंध नसलेल्या माणसाच्या लघवीत तो साधारण लिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असतो. अमेरिकी सैन्यातल्या अकराशेहून जास्त पुरुषांवर झालेल्या आणि १९९८ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं, की दाताच्या दहा बाजूंवर चांदी असेल तर लघवीतला पारा साधारण १ मायक्रोग्रॅमने वाढतो. आणि पाऱ्यात काम करणाऱ्या कामगारांसाठी अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्य तज्ज्ञांच्या संस्थेने ठेवलेली मर्यादा आहे क्रिएटिनिनच्या एका ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅम. हे तीन आकडे शेजारी ठेवा. दोन-तीन चांद्यांचा माणूस त्या मर्यादेच्या किती खाली आहे ते आपोआप कळेल.

गोळी देऊन केलेली टेस्ट

आता मूळ दुखण्याकडे येतो.

मोशीतल्या एका सोसायटीत रविवारी सकाळी क्लब हाऊसमध्ये "हेवी मेटल डिटॉक्स शिबिर" होतं. नाव सांगत नाही, कारण अशी शिबिरं एकाच ठिकाणी होत नाहीत. मी बातमीदार म्हणून नाही, शेजाऱ्यांसोबत गेलो होतो. टेबलावर पाय बुडवायचं टब, त्यात दोन इलेक्ट्रोड, थोडं मीठ. वीस मिनिटांत पाणी तांबूस-तपकिरी. "बघा काका, तुमच्या अंगातला पारा उतरला." काका खूश. काकू घाबरलेल्या.

मी तिथल्या मुलाला म्हणालो, बाळा, पाय न घालता एकदा चालू करून दाखव ना. तो हसला आणि म्हणाला मशीन गरम झालंय. अहो, त्या इलेक्ट्रोडमधलं लोखंड मिठाच्या पाण्यात गंजतं, पाणी तांबडं होणारच. पाय घाला नाहीतर मुळा घाला. आणि पारा काही तपकिरी नसतो.

पण टब हा फक्त गिऱ्हाईक गोळा करायचा खेळ. खरा धंदा पुढचा. पॅकेज असं की आधी एक गोळी घ्यायची, मग काही तासांची लघवी जमा करायची, ती लॅबला. ही गोळी म्हणजे चिलेशनचं औषध. अंगातले धातू पकडून लघवीतून बाहेर ओढणं हेच तिचं काम. म्हणजे ती घेतल्यावर कुणाच्याही लघवीत पारा वाढणारच. माझ्या, तुमच्या, ज्याच्या तोंडात एकही चांदी नाही त्याच्यासुद्धा. आणि मग हा वाढलेला आकडा कशाशी ताडून बघतात? गोळी न घेतलेल्या लोकांच्या नॉर्मल आकड्याशी! निकाल ठरलेला. लाल अक्षरात "हाय".

हे म्हणजे गाडी उतारावर सोडायची आणि मग म्हणायचं तुमचं इंजिन फार जोरात पळतंय. अमेरिकेतल्या विषशास्त्राच्या डॉक्टरांच्या महाविद्यालयाने, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजीने, २००९ मध्येच स्वच्छ लिहून दिलंय, की अशी औषध देऊन केलेली टेस्ट शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध नाही. पण मोशीतल्या काकांना ते कोण सांगणार?

पॅकेजचा खर्च आमच्या भागातल्या वन बीएचकेच्या एका महिन्याच्या भाड्याइतका होता. रांगेत एक ओळखीचा पोरगा होता, चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत कंत्राटावर. बायको चार महिन्यांची गरोदर. तिच्या दाढेत लहानपणची चांदी. कुणीतरी सांगितलं बाळाला धोका आहे, म्हणून पॅकेज घ्यायला आला होता आणि नंतर चांदी काढून घेणार होता. म्हणजे बघा, जी वेळ चांदीला हात न लावण्याची, नेमकी त्याच वेळी ती ड्रिलने उकरायची! आणि वर गरोदर बाईला चिलेशनची गोळी! त्याला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, की आधी तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांना विचारा, मग काय ते करा. त्यांनी शिबिरातला कागद बाजूला ठेवला आणि बाळंतपण झाल्यावर बघू म्हणून सांगितलं. त्याचे पैसे वाचले. पण त्या रविवारी रांगेत तो एकटाच नव्हता.

चिलेशन हा गंमतीचा प्रकार नाही. शिशाची किंवा पाऱ्याची खरी विषबाधा झाली असेल तर हॉस्पिटलमध्ये, डॉक्टरच्या नजरेखाली देतात, आणि तिथे ते जीव वाचवतं. चुकीच्या जागी काय होतं? २००५ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पाच वर्षांच्या एका मुलाला ऑटिझम बरा होईल म्हणून चिलेशनचं औषध शिरेतून दिलं. रक्तातलं कॅल्शियम घसरलं, हृदय थांबलं. पोरगं गेलं.

मग पारा खरंच कुठून येतो?

महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तिघींना एकापाठोपाठ मूत्रपिंडाचा आजार झाला. एकाच घरात तिघी, म्हणून मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांना शंका आली. खोदून विचारलं तर तिघी एकच गोरं करणारं क्रीम लावत होत्या, गावातल्याच ब्युटिशियनकडून घेतलेलं. क्रीम तपासलं, त्यात पारा निघाला. जानेवारी २०२३ मध्ये पेपरात आलं, दोन दिवस चर्चा झाली आणि आपण विसरलो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ दरम्यान मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण बघितले. त्यातल्या १५ जणांत आजाराची एक खास खूण सापडली, आणि त्या पंधरापैकी १३ जणांनी गोरं करणारी क्रीमं वापरल्याचं सांगितलं. आपल्या कायद्याने डोळ्यांची सोडून बाकी सौंदर्यप्रसाधनांत चुकून राहिलेला पारासुद्धा दहा लाखात एक भागापेक्षा जास्त चालत नाही.

काही रसौषधींमध्ये पारा असतो हेही आपल्याला माहीत आहे, नावातच रस आहे. वैद्याने तपासून, ठरावीक मात्रेत दिलेलं वेगळं आणि ऑनलाइन मागवून महिनोन्महिने घेतलेलं वेगळं. २००८ मध्ये छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासात इंटरनेटवरून घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं.

सांगायचा मुद्दा, लघवीत पारा जास्त आला तर पहिला प्रश्न दाढेचा नाही. पहिला प्रश्न, क्रीम कुठलं लावता? दुसरा, पुड्या-गोळ्या कुठल्या घेता? तिसरा, काम काय करता?

काम काय करता? इथेच खरी गोम आहे

भोसरीतल्या एका दवाखान्यात पंधरा वर्षं असिस्टंट म्हणून काम केलेल्या ताईंशी बोललो. नाव नको म्हणाल्या. मी विचारलं, चांदी कशी कालवायचात? म्हणाल्या, "दादा, सुरुवातीला खलबत्त्यात. पारा ओतायचा, पावडर टाकायची, घोटायचं. मग फडक्यात घेऊन बोटांनी पिळायचं, जास्तीचा पारा खाली पडायचा. तो परत बाटलीत. हातमोजे कशाला, सवय होती." खोली केवढी? "ही तुमची मोटरसायकल उभी राहील एवढी. एसी, खिडकी बंद." सांडलेला पारा? "झाडून घ्यायचो. फरशीच्या फटीत गोल गोल गोळ्या पळायच्या, पोरं आली की खेळायची."

विचारलं, ताई, कधी तपासणी झाली का? त्या म्हणाल्या, "कसली? बीपीची?"

बघा, तोंडात दोन चांद्या असलेला आयटीवाला पॅकेज घेतो, आणि दिवसाला दहा चांद्या कालवणाऱ्या बाईला टेस्टचं नावही माहीत नाही. फटीत राहिलेला पारा वर्षानुवर्षं वाफ सोडत राहतो. आता बऱ्याच ठिकाणी बंद कॅप्सूल आणि मशीन आलंय, अनेक डॉक्टरांनी चांदीच सोडलीय, हे मान्य. पण ज्या बायकांनी तरुणपणी फडक्यात पारा पिळला, त्यांचं काय?

कायदा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात पाऱ्याची विषबाधा हा कळवावाच लागणारा आजार होता, नव्या संहितेच्या यादीतही तो आहे. पण दवाखाना हा कारखाना नाही, आणि नवी संहिता साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. दोन असिस्टंट आणि एक रिसेप्शनिस्ट असलेला दवाखाना त्यात बसत नाही. ईएसआयच्या व्यावसायिक रोगांच्या यादीतही पारा आहे. पण ईएसआयला ठिकाणी दहा माणसं आणि पगार २१ हजारांच्या आत हवा. पगार तर आतच आहे हो, माणसं दहा कुठून आणायची?

आपल्याकडे चाकण, तळवडे, भोसरीतल्या कंपन्यांत ॲन्युअल मेडिकल होतं. डोळे, कान, फुंकायची टेस्ट, रक्त. कमी-जास्त असेल, पण होतं. एमआयडीसीच्या गेटबाहेर मात्र कामगाराचं शरीर कुणाच्याच रजिस्टरमध्ये नाही.

भंगारवाल्यांचंही तेच. जुन्या ट्यूबलाइट, सीएफएल, बीपीची जुनी पाऱ्याची यंत्रं, फुटलेले थर्मामीटर, हे सगळं शेवटी कुणाच्या हातात जातं? कायद्याने पाऱ्याचे दिवे ई-कचऱ्यात मोडतात. प्रत्यक्षात ते गोणीत मोडतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतली हजारो बांधकामं पाडली, त्यात भंगाराची गोदामं मोठ्या संख्येने होती. दुकानं पडली, पण शहरातून रोज निघणारं भंगार काही हवेत विरत नाही. ते कुणीतरी, कुठेतरी, उघड्या हाताने फोडतंच आहे.

कोडाईकनालकडून शिकायचं ते

उशिरा टेस्ट केली तर काय होतं ते कोडाईकनालने दाखवलंय. तिथे हिंदुस्थान लिव्हरचा थर्मामीटरचा कारखाना होता. २००१ मध्ये पारा लागलेली काच गावातल्या भंगारवाल्याकडे सापडली आणि कारखाना बंद झाला. बघा, तिथेही भांडं फुटलं ते भंगाराच्या दुकानातच. कामगार म्हणत राहिले आम्ही आजारी आहोत, कंपनी म्हणत राहिली कामामुळे काही झालेलं नाही. पंधरा वर्षं भांडण. शेवटी मार्च २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी तडजोड झाली, आणि तीसुद्धा कंपनीने माणुसकीच्या भूमिकेतून म्हणून केली.

यातली शास्त्राची बाजू समजून घ्या. शरीरातला असा पारा साधारण दोनेक महिन्यांत निम्मा होतो. म्हणजे काम सोडल्यावर वर्ष-दोन वर्षांनी लघवी तपासली तर आकडा नॉर्मल येणार, नुकसान झालेलं असलं तरी. पुरावा अंगातून निघून गेलेला असतो. म्हणून ज्याला कामामुळे धोका आहे त्याची टेस्ट काम चालू असतानाच व्हायला हवी, दरवर्षी, आणि कागद कामगाराच्या हातात राहायला हवा.

जग कुठे चाललंय?

नॉर्वेने २००८ मध्ये, स्वीडनने २००९ मध्ये चांदी जवळपास बंद केली. युरोपियन संघाने जुलै २०१८ पासून पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी आणि १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीय गरज सोडता, सगळ्यांसाठीच बंद केली. मिनामाताच्याच नावाने झालेल्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २०१४ मध्ये सही केली आणि २०१८ मध्ये तो मंजूर केला. या करारातल्या देशांनी मार्च २०२२ मध्ये बालीत मुलं आणि गरोदर बायकांबद्दल तसंच ठरवलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात ठरवलं की २०३४ पर्यंत दातांतला पारा संपवायचा.

लगेच कुणी म्हणेल, बघा, म्हणजे विषच होतं ना! थांबा. युरोपच्या बंदीमागचं मोठं कारण पर्यावरण आहे. दवाखान्याच्या बेसिनमधून गटारात, गटारातून नदीत, आणि मृत माणसाच्या दातांतून स्मशानाच्या धुरात जाणारा पारा. पवना आणि इंद्रायणीकाठी राहणाऱ्या आपल्याला तर हे कारण जास्तच कळायला हवं. इंद्रायणीचा फेस आपण दरवर्षी बघतो. पारा तर दिसतही नाही.

माझं म्हणणं, मुद्देसूद

१. महापालिकेच्या वायसीएमसह सगळ्या दवाखान्यांत दंतविभागाबाहेर पाटी हवी, की दाढेत काय भरलं जातं. मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना चांदी नाही, असा लेखी नियम करा. कराराची कुठली दुरुस्ती कधी बंधनकारक होते हा दिल्लीचा विषय असेल, पण पालिकेला आजच हे करायला कुणी अडवलेलं नाही.

२. चांदी वापरलेल्या किंवा अजून वापरणाऱ्या दवाखान्यांतल्या असिस्टंटची वर्षातून एकदा लघवीतली पाऱ्याची टेस्ट फुकट किंवा नाममात्र दरात व्हावी. पिंपरीत दंत महाविद्यालय आहे, पालिकेचं मोठं रुग्णालय आहे, चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे. एवढ्या संस्था असताना हे होत नसेल तर अडचण पैशाची नाही, इच्छेची आहे. दंतवैद्यांच्या संघटनेने स्वतः पुढाकार घेतला तर सगळ्यात चांगलं, कारण त्याच खोलीत डॉक्टरही बसतात.

३. काढलेली चांदी आणि उरलेला पारा बेसिनमध्ये नाही, वेगळ्या बंद डब्यात. तो डबा कोण नेतो, कधी नेतो, याची नोंद तपासा.

४. गोळी देऊन केलेल्या टेस्टचे अहवाल देणाऱ्या लॅबना आणि त्यावर उपचार विकणाऱ्यांना जाब विचारा. खोट्या दाव्यांच्या औषधी जाहिरातींसाठी १९५४ चा कायदा आहे, अन्न व औषध प्रशासन आहे, वैद्यक परिषद आहे. आणि सोसायटीच्या चेअरमन-सेक्रेटरींनो, क्लब हाऊस भाड्याने देताना निदान नोंदणीकृत डॉक्टर आहे का एवढं तरी विचारा.

आणि तुमच्यासाठी

चांदी शाबूत आहे, दुखत नाही? राहू द्या. फुटली, हलली, खालून कीड लागली? बदला, दातांचा डॉक्टर पाण्याचा फवारा आणि जोरदार सक्शन वापरतो का ते विचारून. गरोदर असाल तर बाळंतपण आणि अंगावर पाजणं होईपर्यंत विनाकारण हात लावू नका, आणि नवी भरायची वेळ आली तर चांदी नको म्हणून सांगा. चांदीशेजारीच गालाच्या आत पांढरे चट्टे किंवा जळजळ असेल तर दाखवा, ती कधीकधी ॲलर्जी असते. हात थरथरणं, चिडचिड, पायावर सूज, फेसाळ लघवी असं काही असेल तर शिबिरात नाही, फिजिशियनकडे जा. आणि टेस्ट करायचीच असेल तर तीन गोष्टी तपासा: नमुना लघवीचा, आधी कुठलीही गोळी नाही, अहवालात क्रिएटिनिन आहे.

वायसीएमच्या दंतविभागात कुठलं मटेरियल वापरलं जातं, पाऱ्याच्या कचऱ्याची विल्हेवाट कशी लागते आणि तिथल्या कर्मचाऱ्यांची शेवटची तपासणी कधी झाली, या तीन प्रश्नांचा माहिती अधिकाराचा अर्ज या आठवड्यात टाकतोय. कायद्याने उत्तराला तीस दिवस आहेत. उत्तर आलं तरी इथेच टाकेन, नाही आलं तरी इथेच टाकेन. तुमच्यापैकी कुणी दवाखान्यात असिस्टंट असेल, घरातली कुणी असेल, तर मेसेज करा. नाव कुठेही येणार नाही. किमान दहा-वीस जणी तयार झाल्या तरी एक यादी घेऊन आयुक्तांच्या टेबलापर्यंत जाता येईल.